बंदरावरचा गाळा



मागे दुकानाच्या उधारीच्या वहीबद्दल लिहिलं होतं, तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणींनी विचारलं की मिरकरवाड्याच्या इतक्या जवळ राहून तुम्ही व्रतं कशी सांभाळता? तेव्हा मी हसून उत्तर टाळलं होतं. आज सांगते, पण गोष्ट व्रत सांभाळल्याची नाही. चुकल्याची आहे.

मी माहेरची सांगलीची. चिंतामणराव कॉमर्स कॉलेजातून बी. कॉम. झाले आणि १९८४ साली लग्न होऊन रत्नागिरीत आले. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून एस. टी. आली की आधी दमट हवा अंगाला चिकटायची, मग आंब्या-काजूच्या बागा दिसायच्या, आणि वारा पश्चिमेचा असेल तर संध्याकाळी सुक्या मासळीचा वास थेट आमच्या माजघरात. पहिले सहा महिने मी नाकाला पदर लावून स्वयंपाक केला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वास आपला नाही, पण दाणा त्यांचाच आहे."

त्याचा अर्थ मला दुकानात बसायला लागल्यावर कळला. आमचं किराणा दुकान. गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त बंदरावरचं. बोट समुद्रात जाताना खलाशांचा शिधा भरायचा असतो: तांदूळ, डाळ, तेल, चहा, साखर. कांदा-बटाटा आम्ही ठेवत नाही, तो ते शेजारून घेतात. मामंजींचा एक नियम होता. दुकानात गळ, जाळ्याची दोरी, माशाचा मसाला ठेवायचा नाही, कितीही नफा असला तरी. आणि दुसरा नियम असा की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत बंदराकडे उधारी मागायची नाही. माशांच्या विणीचा तो काळ म्हणून सरकार बंदी घालतं. आपला चातुर्मासही त्याच सुमाराला सुरू होतो, पावसात जीव फार म्हणून. मला हे जुळणं नेहमी गमतीचं वाटत आलंय. फरक इतकाच की त्यांना घर चालवायची पंचाईत होते, आपल्याला पालेभाज्या सोडायची.

तर २०२४ च्या पावसाळ्यानंतर एक एजंट आमच्याकडे आला. मिरकरवाडा बंदराजवळ एक गाळा आहे, चोवीस लाखांना. भाडेकरू तयार, मासळीचा व्यापारी, बर्फ आणि थर्माकोलच्या पेट्या ठेवणार, महिना अठरा हजार. मी मनातल्या मनात हिशोब मांडला. वर्षाला दोन लाख सोळा हजार, म्हणजे नऊ टक्के. रत्नागिरीत राहत्या फ्लॅटला तीन-साडेतीन टक्के सुटले तरी नशीब म्हणायचं. खाऱ्या वाऱ्यानं ग्रिल गंजतं आणि स्लॅबच्या सळया फुगतात, त्याचा खर्च वेगळाच.

मी म्हटलं, नको. बर्फावर मासळी ठेवायला जागा द्यायची आणि त्याचं भाडं खायचं, म्हणजे करणं नसलं तरी करवणं झालं. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, बोटीला तांदूळ विकलेला चालतो, मग गाळा का नाही?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, तांदूळ माणसाच्या पोटात जातो, तो उपाशी राहावा असं आपला धर्म सांगत नाही. पण गाळा त्याच कामासाठी आहे, आणि अठरा हजार दर महिन्याला यावेत असं वाटणं म्हणजे मासळी भरपूर पडावी असंच वाटणं. हे बोलून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं की उधारी वसूल व्हावी म्हणून हंगाम चांगला जावा असं मला गेली चाळीस वर्षं वाटत आलंय. मुलाला मात्र ते सांगितलं नाही.

ह्यांचं मन गाळ्यात होतं. म्हणाले, "अगं, निदान कागद तरी बघ." कागद बघायला मला आवडतं, ते त्यांना ठाऊक आहे.

एजंटनं तीन कागद आणले. नगर परिषदेची घरपट्टीची पावती, विजेचं बिल आणि शंभर रुपयांच्या स्टँपवरचा नोटरी केलेला करार. मैत्रिणींनो, हे तुम्ही नीट वाचा, कारण आपल्यात घराचे कागद पुरुष बघतात आणि सही आपण करतो. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. वीज तर राहणाऱ्या कोणालाही मिळते. आणि नोटरीच्या शिक्क्यानं जागा आपल्या नावावर होत नाही, त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत लागतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यापासून हे असंच आहे. शहरातल्या जागेला सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका असते, गावाकडे सात-बारा. मी मिळकत पत्रिका मागितली. एजंट म्हणाला, "काकी, बंदरावर कोणाकडेच नसते ती. सगळे असेच घेतात."

नसते, कारण जमीन बंदराची. सरकारची. मी कागद परत केले आणि म्हटलं, "आम्हाला नको." त्याहून एक शब्द जास्त बोलले नाही.

त्या रात्री ह्यांना मात्र मी स्पष्ट सांगितलं की हा गाळा कधीही पडेल. ते म्हणाले, "मग जो घेईल त्याला?" मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय, दुसऱ्याच्या व्यवहारात बोललं की ती निंदा होते. निंदा नको, म्हणून मी गप्प बसले. आता मला वाटतं की ते फक्त म्हणायला होतं. खरं तर एजंट रोज दुकानावरून जातो, त्याच्याशी वाकडं नको होतं.

जानेवारी २०२५ च्या शेवटी मिरकरवाडा बंदराच्या जागेवरची अनधिकृत बांधकामं हटवली गेली. तीनशेच्या आसपास होती. आधी नोटिसा आल्या होत्या, मग मोठा पोलीस बंदोबस्त आला आणि बुलडोझर. ह्यांनी दुपारी येऊन सांगितलं, तो गाळाही गेला. आणि मला, काय सांगू, आनंद झाला. चोवीस लाख वाचले म्हणून तर झालाच, पण माझं खरं ठरलं म्हणून जास्त झाला. मी मुलाला फोन करून सांगितलंसुद्धा. हसत सांगितलं.

संध्याकाळी सामायिकाला बसले. आपण म्हणतो ना, स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला अनुमोदन दिलेलं. तिसऱ्यापाशी माझी जीभ अडली. मला तेव्हा फक्त तुटलेलं छप्पर दिसत होतं. पुढचं चार दिवसांनी कळलं.

एक भाभी आहेत, तीसेक वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांची बंदरावर छपरी होती, सुकी मासळी विकायच्या. त्या दुकानात आल्या, नेहमीसारख्या पायरीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. वहीत त्यांच्या नावावर सहा हजार चारशे होते. म्हणाल्या, "वहिनी, या महिन्यात नाही जमणार. माझी छपरी गेली ते गेलंच, पण भाच्याचा गाळाही गेला." मी विचारलं, कुठला? तोच. भाचा म्हणजे तो भाडेकरू व्हायचा होता तो व्यापारी. आम्ही नको म्हटल्यावर एजंटनं तो त्यालाच विकला होता, थोडी रक्कम रोख, बाकी बायकोचे दागिने मोडून. दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर. म्हणजे मी कागद परत केल्यावर महिना-दीड महिना मधे होता. त्या काळात भाभी किमान सहा वेळा दुकानात आल्या असतील. मी त्यांना गूळ तोलून दिला, नातवाची चौकशी केली. एक वाक्य बोलायचं होतं.

मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं की ते कागद मी आधी पाहिले होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला दिसतं." रागानं नाही म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. वहीतली रक्कम मी खोडायला निघाले तर त्यांनी हात धरला. उधारी फेडणारच म्हणाल्या.

आम्ही शेवटी कुवारबावच्या बाजूला एक जुना फ्लॅट घेतला, अठ्ठावीस लाखांचा, माझ्या नावावर. महाराष्ट्रात २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, अठ्ठावीस हजार तिथेच वाचले. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला, भोगवटा प्रमाणपत्र पाहिलं, सोसायटीचा ना हरकत दाखला घेतला. भाडं साडेसात हजार. मुलगा म्हणतो, बँकेतल्या ठेवीनं यापेक्षा जास्त दिलं असतं, आणि ते खरं आहे. माझ्या परिग्रह-परिमाणात राहतं घर, दुकान आणि आणखी एक वास्तू एवढीच मर्यादा आहे, ती आता भरली. तो विषय संपला.

नारळी पौर्णिमेनंतर भाभी आल्या. दोन हजार दिले, नारळ आणि साखर घेतली. आता त्या दारोदार पाटी घेऊन फिरतात. जाताना पिशवीतून एक लिफाफा काढून गल्ल्यावर ठेवला. भाचा वस्तीत आत, बंदराच्या हद्दीबाहेर, एक खोली घेतोय. "वाचून सांगा," एवढंच म्हणाल्या.

मिळकत पत्रिका होती. आधी तेच पाहिलं. चार भावांची नावं, त्यातले दोघे आखातात, आणि विकायला निघालेला एकटाच. सूर्यास्ताला अर्धा तास होता, ह्यांच्या जेवणाची वेळ झाली होती, पण मी चष्मा लावून तिथेच बसले आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: चौघांच्या सह्या हव्यात. बाहेरच्या दोघांचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन येऊ दे. तोवर इसाराचा एक रुपयाही देऊ नका. एजंटनं विचारलं तर माझं नाव सांगा.

खोलीत तो राहणार की पेट्या ठेवणार, ते मी विचारलं नाही.