अडुळसा, गवती चहा आणि डेपोची सावली
बेळगाव-निपाणी पट्ट्यात परसातली औषधे अजून हाताशी आहेत. अडुळसा कुंपणाला लावतात, कारण कडू पानांना शेळ्या तोंड लावत नाहीत. खोकल्यात त्याच पानांचा काढा देतात आणि त्यामागे निव्वळ परंपरा नाही. पानांतील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले. गर्भवतींनी मात्र अडुळसा टाळावा. पावसाळ्यात गवती चहा, आले, तुळस चहात पडतात. परसाबाहेरची झाडीही आरोग्याला हातभार लावते: बेळगावात टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो या आवाराच्या जुन्या झाडीत सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते. शहरातली ही सावली जपायलाच हवी. निपाणीत अशा सावलीतल्या मोकळ्या हवेचे मोल अधिकच, कारण तंबाखूच्या वखारीतल्या कामगारांच्या श्वासात दिवसभर बारीक धूळ जाते.