भाडे कोण भरणार?

"पैसे कामाला देतो, कार्यालयाला नाही." देणगीदार हे सद्भावनेनेच म्हणतो. आपला रुपया गरजूपर्यंत पोचावा, टेबल-खुर्च्यांत अडकू नये, ही त्याची इच्छा रास्त आहे. वह्या वाटणाऱ्या संस्थेच्या बाबतीत मलाही ती पटते. पण आमचे काम अर्ज लिहिण्याचे, पाठपुराव्याचे, सुनावणीला उभे राहण्याचे. पेठेतल्या जुन्या इमारतीतल्या आमच्या दोन खोल्या आणि तिथे रोज येऊन बसणारी माणसे वजा केली, तर वाटण्यासारखे मागे काही उरत नाही.

रस्ता रुंद करताना एखादा पदपथ कापला गेला, असे समजा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. ३० दिवसांत उत्तर नाही आले, तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील. मग दुसरे अपील, आणि त्याच्या सुनावणीची लांबलचक वाट. कुणालाही परवडेल असा हा खर्च. पण पोच कुणी जपून ठेवली? अपिलाची मुदत कुणी लक्षात ठेवली? मधेच अधिकाऱ्याची बदली झाली, तेव्हा नव्या साहेबांसमोर मागचा पत्रव्यवहार तारीखवार कुणी मांडला? आवक-जावक रजिस्टर सांभाळणाऱ्या आमच्या ताईंनी. अधिकारी जातात, नगरसेवक बदलतात, ठेकेदारही बदलतो. त्या पदपथाचे काय झाले हे सलगपणे ठाऊक असते ते ताईंच्या कपाटाला. आणि नेमके ताईंचे मानधन कुठल्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

हे काम पुण्याला नवे नाही. २ एप्रिल १८७० रोजी इथे सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होते पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींचे. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे प्राण. सभासद व्हायचे तर किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण सरकारला निवेदन देणाऱ्याला 'तू कुणाच्या वतीने बोलतोस?' या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार ठेवावे लागे. १८७६-७८च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवली आणि ती सरकारपुढे ठेवली. १८७८ पासून तिचे त्रैमासिक निघू लागले. १८९० साली गोपाळ कृष्ण गोखले सभेचे चिटणीस झाले, त्रैमासिकाचे संपादनही त्यांनी केले. न्यायमूर्ती रानडे यांच्या देखरेखीखाली त्यांनी आकडे तपासले, मसुदे लिहिले, पुन्हा लिहिले. पुढे १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी दिलेली साक्ष गाजली, तिच्यामागे ही चिटणिसाच्या टेबलावरची वर्षे आहेत.

आजच्या चिटणिसाचा बराच वेळ संस्था कायद्यात टिकवण्यात जातो. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, दर वर्षी लेखापरीक्षण, देणगीदाराला करसवलत देणारी ८०जीची मान्यता ठरावीक वर्षांनी पुन्हा. हिशेब चोख हवा, याबद्दल माझी तक्रार नाही, लोकांचा पैसा आहे. पण या चोखपणालाही माणूस लागतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने अशा निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, आणि एका संस्थेने तो निधी दुसरीला देणेही बंद झाले. मोठ्या संस्थांच्या आधाराने चालणाऱ्या छोट्यांना दुसरा फटका जास्त बसला. कंपन्यांच्या सामाजिक निधीला फीत कापता येईल असे काम हवे असते. महापालिकेला प्रश्न विचारण्यात फीत कुठून येणार?

मग पैसा कुठून? याचे उत्तरही याच शहरात शोधले गेले आहे. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीत पाठीवर पोती वाहणारी माणसे सभासद झाली आणि संघटना त्यांच्या बळावर उभी राहिली. १९९३ साली सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतही कचरावेचक स्त्रिया वर्गणी भरतात. ज्याच्या खिशातून वर्गणी येते, त्याला कार्यालयात येऊन जाब विचारता येतो. त्यामुळे अनुदानाच्या मोठ्या रकमेपेक्षा मला ती जास्त किमती वाटते. मात्र पदपथावरून चालणाऱ्यांची अशी संघटना नसते. ते एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यांच्या वर्गणीतून आमचे लाइट बिल निघते, भाडे निघत नाही.

अशांसाठी सामाजिक कृतज्ञता निधीचा मार्ग मला आजही मार्गदर्शक वाटतो. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर ही मंडळी त्यामागे होती. अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग लावून पैसा उभा केला गेला. तो कुठल्या इमारतीसाठी किंवा उपक्रमासाठी नव्हता, पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी होता. कार्यकर्त्याच्या घरी चूल पेटली पाहिजे, ही समाजाची जबाबदारी आहे, हे या मोठ्या नटांनी रंगमंचावर राबून मान्य केले.

म्हणून आता कुणी 'काय मदत करू?' असे विचारले, की मी प्रकल्पाचे नाव सांगत नाही. एका माणसाचे तीन वर्षांचे मानधन द्या, असे सांगतो. एक वर्ष पुरत नाही. पहिले वर्ष जुन्या फायली समजून घेण्यात जाते, दुसऱ्यात सुनावण्या लागू लागतात आणि तिसऱ्यात एखादा आदेश हाती येतो. तो आदेश घेऊन जागेवर जायला, काम झाले की नाही हे पाहायला, न झाल्यास पुन्हा पत्र लिहायला तीच व्यक्ती तिथे हवी.