द्राक्षवनांतील दोन दिवस

वयाची पासष्टी उलटल्यावर परदेशगमनाचा योग येईल असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. परंतु आमचे चिरंजीव गेलीं अकरा वर्षें अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील सान फ्रान्सिस्को शहराजवळ राहतात, आणि नातवाच्या आग्रहापुढें आमचा निश्चय टिकला नाहीं. जुलै महिन्यांतील एका शुक्रवारीं चिरंजीव म्हणाले, "नाना, उद्यां उत्तरेकडे सोनोमाच्या किनाऱ्यावर दोन दिवस जाऊन येऊं. तेथें समुद्र आहे आणि द्राक्षांचे मळेही आहेत." आम्ही रत्नागिरीकडचे; समुद्राचें नांव निघालें कीं आमचें मन पुढें धांवतें. उन्हाळ्याचे दिवस म्हणून आम्हीं उभयतांनीं सुती कपडे तेवढे घेतले. सूनबाईंनीं मात्र न बोलतां आमचे स्वेटर गाडींत टाकले.

१९३७ सालीं वाहतुकीस खुला झालेला गोल्डन गेट पूल ओलांडून दोन तासांच्या आंत आम्ही बोदेगा बे या मासेमारीच्या गांवीं पोहोंचलों. पाहतों तों समुद्र दिसेचना! लाटांचा घोष कानीं येत होता, परंतु डोळ्यांपुढें केवळ पांढरें धुकें. आषाढांत आमच्याकडे आभाळ फाटलेलें असतें. येथें पावसाचा थेंब नाहीं, तो हिवाळ्यांत पडावयाचा, आणि थंडी मात्र माघांतली. स्वेटर चढवीत आम्हीं कारण विचारलें. सूनबाईंनीं सांगितलें कीं, उन्हाळ्यांत उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यानें वरचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलें जातें, त्याच्या जागीं खोलांतलें गार पाणी वर येतें, आणि त्यावरून येणाऱ्या सर्द हवेचें धुकें बनतें. आंतील दऱ्या तापल्या कीं तेंच धुकें डोंगरांच्या खिंडींतून आंत ओढलें जातें. "या धुक्यावरच येथलीं द्राक्षें जगतात," असें त्या म्हणाल्या. तेव्हां आम्हांस त्याचा अर्थ नीटसा उमगला नाहीं.

किनाऱ्यानें उत्तरेस गेल्यावर फोर्ट रॉस हें स्थळ लागतें. रशियन व्यापारी कंपनीनें १८१२ सालीं येथें लांकडी तटबंदीची वसाहत केली आणि १८४१ सालीं ती विकून ते लोक निघून गेले. १८१७ सालीं पेरूहून आणलेल्या द्राक्षवेली त्यांनीं येथें लाविल्या. त्यांच्याही पूर्वींपासून येथें राहणारे काशाया लोक मात्र आजही या परिसरांत आहेत. परत फिरून आम्ही जेनर येथें रशियन नदीच्या मुखाशीं आलों व नदीकांठानें आंत वळलों. किनाऱ्यावर गाडींतील तापमापक छपन्न अंश दाखवीत होता. पाऊण तासांत तो चौऱ्यायशींवर गेला. धुकें विरलें, स्वेटर उतरले, आणि दोहों बाजूंस टेंकड्यांच्या उतारावर ओळीनें बांधलेल्या द्राक्षवेली दिसूं लागल्या.

एका मळ्यांत आम्ही उतरलों. तेथील बाईंनीं पाहुण्यांपुढें पेले मांडले. आम्हां उभयतांस व नातवास न आंबविलेला द्राक्षरस मिळाला. चिरंजीवांनीं आपल्यापुढचा पेला दूर सारून "मला नको" म्हटलें. तोंच आठ वर्षांचा नातू सहज बोलून गेला, "बाबा, आज कां नको? नेहमीं तर घेतोस!"

सर्वांच्या माना खालीं गेल्या. शेवटीं आमच्या कुटुंबानेंच तो प्रसंग सांवरला. त्या म्हणाल्या, "अहो, माझ्या बाळंतपणांत वैद्यबुवांनीं द्राक्षासव दिलें होतें, तेंही आंबवलेलेंच कीं!" सर्व हंसले, आम्हीही हंसलों. परंतु घांस मात्र गोड लागला नाहीं.

त्या रात्रीं नदीकांठच्या विश्रामगृहाच्या ओसरीवर चिरंजीव व आम्ही दोघेच बसलों होतों. आम्ही म्हणालों, "आम्हीं जन्मभर घेतली नाहीं, पुढेंही घेणार नाहीं. तूं घेतोस हें आम्हांस आवडलें, असें खोटें बोलणार नाहीं. परंतु अकरा वर्षें दर रविवारीं फोनवर बोलत असतां एवढी गोष्ट तुला झांकावी लागली, याचें अधिक वाईट वाटलें."

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाना, रघुवंशांतला तो श्लोक तुम्हीं सोडला होता. मीं तो नंतर एकट्यानें वाचला."

वाचकांस याचा उलगडा केला पाहिजे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूच्या दिग्विजयाचें वर्णन आहे. पारसिकांस जिंकल्यावर त्याच्या योद्ध्यांनीं द्राक्षवेलींनीं वेढलेल्या भूमीवर अजिनें अंथरून मद्यानें आपले श्रम घालविले, असा तेथें श्लोक आहे. वरच्या वर्गांतील होतकरू मुलांस आम्ही घरीं हा सर्ग शिकवीत असूं, आणि चिरंजीवही त्यांत बसत. तो श्लोक आला कीं "हा पुढें पाहूं" असें म्हणून आम्ही पान उलटीत असूं. तें 'पुढें' तीस वर्षांत कधींच आलें नाहीं. झांकण्याचा पहिला पाठ चिरंजीवांस कोणी दिला, हें आम्हांस त्या ओसरीवर कळलें.

रविवारीं सकाळीं पाहतों तों धुकें दरींत उतरलें होतें. मळ्याच्या कडेनें आम्ही सर्वजण फिरलों. घड अद्याप वाटाण्याएवढे व हिरवे होते. द्राक्षें पिकावयाचीं तीं पुढें भाद्रपदाच्या सुमारास. चिरंजीव म्हणाले कीं येथें मुख्यतः पिनो न्वार आणि शार्डोने या जातींचीं द्राक्षें होतात. तीं उष्णतेनें लवकर पिकून बेचव होऊं नयेत म्हणून रात्रींचा व सकाळचा गारवा हवा, आणि गोडी येण्यास दुपारचें ऊनही तितकेंच हवें. नातवानें विचारलें, "आजोबा, काल बाबा कुठला श्लोक म्हणत होता?" वेलींच्या ओळींत उभे राहून आम्हीं तो म्हणावयास आरंभ केला. इतकीं वर्षें टाळल्यामुळें चौथा चरण आम्हांस आठवेना. तो मागून चिरंजीवांनीं पुरा केला. मग एकही शब्द न गाळतां आम्हीं नातवास त्याचा अर्थ सांगितला.

पितापुत्रांमध्यें कांहीं मर्यादा असावी, हें आमचें मत अद्याप कायम आहे. परंतु ती त्या दरींतल्या धुक्यासारखी असावी. सकाळीं तिनें कोंवळ्या घडांचें रक्षण करावें, आणि दुपार झाली कीं आपण होऊन दूर व्हावें. आम्हांस तें कळण्यास थोडा उशीर झाला. तरी घड अजून पिकावयाचे आहेत, एवढें समाधान घेऊन आम्ही परतलों.