दिवसाचे राज्य, रात्रीचे राज्य

कोरियन दिग्दर्शक इम क्वोन-तेक यांचा 'तेबेक पर्वतरांग' हा १९९४चा चित्रपट युद्धपट म्हणून ओळखला जातो, पण त्यात रणांगण फारसे नाही. आहे ते बोल्ग्यो नावाचे, दक्षिण कोरियाच्या दक्षिण टोकाचे एक गाव.

ऑक्टोबर १९४८. योसू येथील सैनिकांनी जेजू बेटावरचा उठाव मोडायला जाण्यास नकार दिला आणि बंड पसरत बोल्ग्योत पोहोचले. कम्युनिस्टांनी लोकन्यायालय भरवून माणसे मारली. काही दिवसांत सरकारी फौज आली आणि तिने डाव्यांच्या घरांवर सूड उगवला. पुरुष डोंगरात पळाले. बायका, आया मागे राहिल्या, मार त्यांनी खाल्ला. पुढे तर दिवसा सरकारचे राज्य, रात्री डोंगरातल्यांचे. भात मात्र दोघांनाही द्यायचा.

थोरला भाऊ यॉम सांग-जिन कम्युनिस्टांचा पुढारी, धाकटा सांग-गू कम्युनिस्टविरोधी टोळीचा दादा. पण भांडण विचारांचे म्हणावे, तर खाली जमीन आहे. कुळांना जमीन हवी होती. ती देऊ म्हणणाऱ्याच्या मागे ती गेली. मार्क्स त्यांतल्या किती जणांनी वाचला असेल?

हे पाहताना मला मराठवाडा आठवला. योसूच्या महिनाभर आधी, सप्टेंबर १९४८मध्ये, निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली. आधी रझाकारांनी गावे छळली. नंतर त्याचा हिशेब ज्यांनी रझाकारांचा गणवेश कधी अंगाला लावला नव्हता, त्यांच्याकडूनही चुकता करून घेतला गेला. आमची दादी त्या सालाला नुसते 'वो साल' म्हणायची. ''दादी, अपने लोग किधर के थे?'' असे विचारले की म्हणायची, ''खेत में थे, बेटा.'' पुढे एक शब्द नाही.

म्हणून मला या चित्रपटातला किम बॉम-ऊ जवळचा वाटतो. जमीनदाराचा शिकलेला मुलगा, दोन्हीकडच्या हत्यांना विरोध करणारा. डावे त्याला भित्रा समजतात, पोलीस त्याला लाल समजतात. त्याची संभाषणे कधी कधी भाषणे होतात, हे खरे. पण 'तू कोणाचा?' या प्रश्नाला ज्याच्याकडे एका शब्दाचे उत्तर नसते, त्याला जरा लांबच बोलावे लागते. इमसाहेबांचे घरही डाव्या विचारांचे होते आणि त्याची किंमत त्या घराने मोजली होती. मूळ कादंबरीचे लेखक जो जंग-रे यांच्यावर १९९४मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली तक्रार झाली; त्यातून ते सुटले २००५मध्ये. अकरा वर्षे!

कादंबरीत शेवटी थोरल्याचे शिर स्टेशनासमोर टांगले जाते. ते उतरवून घेण्यासाठी पोलिसांशी भांडतो तो धाकटा, सांग-गू. चित्रपट तिथवर पोहोचत नाही. पोहोचायला हवा होता.