शेंदूर आणि स्क्रॅपर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात झिजलेली मोठी चपटी कानस सहसा भंगारात जात नसे. ग्राइंडरवर तिचे दाते उतरवायचे, टोकाला किंचित गोलाई द्यायची, ऑइलस्टोनवर धार लावायची, की झाला स्क्रॅपर. माझे मामा जुने लेथ उघडून, दुरुस्त करून द्यायचे. त्यांच्या शॉपमध्ये असे स्क्रॅपर भिंतीला ओळीनं टांगलेले असत. शाळा सुटली की मी तिथंच.

सरफेस प्लेटवर मामा तेलात कालवलेला शेंदूर बोटानं पातळ पसरत. त्यावर बिडाची जिबपट्टी ठेवून हलक्या हातानं फिरवत आणि उलटी करत. जिथं लाल डाग, तिथं उंचवटा. तेवढाच खरवडायचा, पुसायचं, पुन्हा शेंदूर लावायचा. एका फटक्याला निघणारं बीड काही मायक्रॉनच. सकाळी पट्टीवर दोन-तीन ढोबळ डाग दिसायचे. संध्याकाळी सगळ्या पट्टीभर बारीक ठिपके. चौरस इंचात पंधरा-वीस ठिपके मोजता आले की मामा हात पुसत. ठिपक्यांच्या मधल्या खोलगट जागेत तेल टिकतं. सरकणाऱ्या पृष्ठभागाला आरशासारखी सपाटी सोसत नाही, त्यात तेल राहत नाही आणि भाग चिकटू लागतो. माझ्या हातात पहिल्यांदा स्क्रॅपर आला तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "दंडानं नव्हं, कंबरंनं ढकल."

ही पट्टी प्लेटवरून सपाट झाली, मग प्लेट कशावरून? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. आयटीआयमधल्या आमच्या सरांनी तो फळ्यावर सोडवून दाखवला, तो तास मी आजही विसरलेलो नाही. दोन प्लेटा एकमेकींशी जुळवल्या, तर एक जरा फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असली तरी शेंदूर सगळीकडे लागतो. तिसरी प्लेट घेतली की लबाडी उघडी पडते. खोलगट प्लेटशी जुळलेल्या दोन्ही प्लेटा फुगीर, त्या एकमेकींवर ठेवल्या की डुगडुगतात. आलटून पालटून, 90 अंशांत फिरवून, तिन्ही एकमेकींशी जुळल्या तर तिन्ही सपाटच असल्या पाहिजेत. आधीची कुठलीही अचूक वस्तू हाताशी नसताना, नुसत्या ताळ्यातून सपाटी जन्माला येते! लंडनमध्ये हेन्री मॉड्स्लेंच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये ग्लासगोतल्या एका विज्ञानसभेत अशा सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला आणि प्लेटा भुकटीनं घासण्यापेक्षा खरवडाव्यात असा आग्रह धरला. पुढच्या साऱ्या यंत्रयुगाच्या पायाशी मला त्या तीन प्लेटा दिसतात.

पुढं मी पिंपरीला लेथच्या असेंब्लीवर लागलो. तिथं हातात तपासणीचा तक्ता पडला. बर्लिनच्या गेऑर्ग श्लेसिंगर यांनी 1927 च्या आपल्या पुस्तकात अशा तपासण्या बांधून दिल्या होत्या. चूक किती चालेल एवढंच त्यात नव्हतं, ती कुठल्या बाजूला चालेल हेही होतं. टेलस्टॉकचं सेंटर हेडस्टॉकपेक्षा केसभर वर चालेल, खाली नाही. कारण टेलस्टॉक बेडवर सरकून झिजणार आणि खालीच येणार. फेसिंग केलेला जॉब मध्ये किंचित खोलगट चालेल, फुगीर मुळीच नाही. नव्या कोऱ्या मशिनमध्ये तिच्या म्हातारपणाची सोय आधीच केलेली असते, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

पण ही सोय गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत टिकावी लागते. बसवताना 0.02 मिलिमीटर प्रति मीटरची लेव्हल बेडवर दोन्ही टोकांना आडवी ठेवून बघायची असते. बेडला जरासा पीळ राहिला तर उत्तम लेथसुद्धा टेपर काढतो आणि दोष हेडस्टॉकच्या माथी जातो. काँक्रीट नवं असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा लेव्हल बघावी लागते, आणि नेमकं तेच राहून जातं.

झीजही सगळीकडे सारखी होत नाही. बहुतेक काम चकजवळ होतं, म्हणून बेड तिथंच जास्त झिजतो. तिथला खेळ काढायला जिब आवळला की टेलस्टॉककडे गेल्यावर कॅरेज जाम. ऑपरेटर बिचारा जिब पुन्हा ढिला करतो आणि चॅटर सोसत राहतो. अशा बेडला नुसतं आवळून भागत नाही, तो ग्राइंड करून कॅरेज नव्यानं खरवडावंच लागतं.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो: स्लाइडवर हवेची गन मारणं. बुरादा वायपरच्या खाली घुसतो, तेलात मिसळतो आणि दिवसरात्र बेड घासत बसतो. खंडेनवमीला मशिनला झेंडूची माळ घालणारे हात रोज शिफ्टअखेर फडका आणि ब्रश का घेत नाहीत? झिजलेला वायपर बदलायला काही मिनिटं लागतात. बेड परत खरवडायला आठवडे जातात.

सीएनसी आल्यावर स्क्रॅपर गेला असं अनेकांना वाटतं. तो कमी झाला, गेला नाही. उत्तम ग्राइंडिंग मशिनची सॅडल आजही हातानं खरवडतात, स्लाइडला चिकटवलेल्या टरसाइटच्या प्लॅस्टिक पट्टीवरही तेच काम चालतं. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा बिडाच्या तीन छोट्या प्लेटा देतो. डायल, लेव्हल, लेझर सगळं नंतर. तिसरी प्लेट कशाला, असं ती विचारतात. मी उत्तर देत नाही, आधी दोनच जुळवायला सांगतो.