पेल्यातली मिरी

फ्रान्सची सिरा आणि ऑस्ट्रेलियाची शिराझ ही एकाच द्राक्षाची दोन नावं. म्हणून रेड वाइन चाखायला बसलो की मी द्राक्षाची जात एकच ठेवतो आणि फक्त प्रदेश बदलतो. दोन्ही बदलले की फरक कशामुळे पडला, ते कळत नाही. (कोडमधली चूक शोधतानाही हेच करतो.)

उत्तर ऱ्होन खोऱ्यातल्या सिराला काळ्या मिरीचा वास येतो. ही कविकल्पना नाही! मिरीत असणारं रोटंडोन हे द्रव्य या द्राक्षाच्या सालीतही असतं आणि थंड हवेत ते जास्त तयार होतं. उन्हाळी बारोसाची शिराझ जड, जॅमकडे झुकणारी. आपल्या नाशिकला पावसाळ्यानंतर छाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी. म्हणजे द्राक्ष थंडीत पिकू लागतं.

बाटल्यांना कागद गुंडाळायचा, हा माझा हट्ट. नाहीतर परदेशी लेबल वाचूनच माना डोलतात. मागच्या वेळी मिरीवाला पेला सगळ्यांनी फ्रान्सचा ठरवला. आत्या पीत नाही, पण मसाले घरीच कुटते. तिने तिन्ही पेले हुंगले. म्हणाली, "मिरी दोन पेल्यांत आहे रे." कागद काढला, तर दुसरा नाशिकचा.