वाढत्या वयाचा खेळाडू आणि त्याचा प्रशिक्षक

प्रौढ खेळाडूचा सराव निम्मा करून शाळकरी मुलाला दिला की काम भागत नाही. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची चौदाव्याच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते. हाडे आधी लांब होतात. स्नायू आणि कंडरा मागून येतात. मग गेल्या महिन्यापर्यंत छान धावणारा मुलगा अडखळू लागतो आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर बोट दाबले की कळवळतो. त्याला कामचुकार म्हणणे सोपे असते. खरे तर त्या काही महिन्यांत उड्या आणि चढाच्या धावा कमी करून त्याला मैदानावर टिकवायचे असते.

शालेय स्पर्धांत 14 वर्षांखालील गटात एकाच वर्षी जन्मलेली दोन मुले शरीराने दोन-तीन वर्षांनी पुढेमागे असू शकतात. निवड बहुधा लवकर वाढलेल्याची होते. त्यात गुण किती आणि आधी फुटलेली मिसरूड किती, हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर स्पर्धात्मक धावण्याकडे वळला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्य मिळवले. सुवर्ण हुकले ते 0.05 सेकंदाने. चौदाव्या वर्षीच्या निवड यादीवरून असा धावपटू ओळखू आला नसता. म्हणून जिल्ह्याला किती पदके आली यापेक्षा अठराव्या वर्षी किती मुले अजून खेळत आहेत, हा हिशेब प्रशिक्षकाने आधी मांडावा.

कौशल्य मात्र याच वयात घोटून घ्यावे. शिवाजी पार्कवर क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवत. सचिन तेंडुलकरला बाद करणाऱ्याला ते मिळे. तो नाबाद राहिला तर त्याचे. थकलेल्या फलंदाजाचे लक्ष टिकवण्याची ही युक्ती नामी होती, पण ती धावपटूला लावून रोज घड्याळाशी शर्यत लावणे चूक. फटका शंभरदा घोटता येतो, पूर्ण वेगाची 800 मीटर धाव नाही. क्रीडावैद्यकातला ढोबळ नियम असा, की आठवड्यातल्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये हा आकडा कागदावरच राहतो. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या धानपट्ट्यात जुलै लागला की मुले रोवणीला जातात. दिवसभर चिखलात वाकून काम केलेल्या मुलीची कंबर आणि मांड्यांचा मागचा भाग संध्याकाळी दोरीसारखा ताठलेला असतो. रोवणी हाही सरावच धरावा आणि त्या आठवड्यांत मैदानावर हलके खेळ घ्यावेत.

त्याहून महत्त्वाची बाब सिकलसेलची. विदर्भाप्रमाणेच मध्य प्रदेशच्या आदिवासी पट्ट्यातही हा आनुवंशिक विकार आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी शहडोलमधूनच सुरू झाली. ज्याला आजार आहे त्याचा सराव डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा. नुसता वाहक असलेला मुलगा एरवी ठणठणीत असतो आणि त्याला खेळापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. धोका असतो तो उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, मध्ये दम न खाता जीव तोडून धावण्यात. पोलीस आणि अग्निवीर भरतीच्या तयारीत नेमके हेच घडते: उन्हाळ्यात अंतर एकदम वाढवायचे आणि मागे पडणाऱ्यावर ओरडायचे. सिकलसेल तपासणीचे कार्ड प्रवेशाच्या वेळीच पाहावे, पण त्याची वाच्यता इतर मुलांत करू नये. सराव आठवड्याआठवड्याने वाढवावा, दोन धावांमध्ये पुरेशी उसंत द्यावी, तापातून उठलेल्याला धावायला लावू नये.

पेटका आलेला मुलगा ओरडतो आणि त्याची पोटरी दगडासारखी घट्ट लागते. सिकलसेलमुळे कोसळणारा मुलगा पाय गळाले म्हणून खाली बसतो. त्याचे स्नायू हाताला मऊच लागतात आणि सुरुवातीला तो बोलतही असतो. त्यामुळे तो नाटक करतो आहे असे वाटू शकते. त्याला उठवून पुन्हा पळवू नये. सावलीत न्यावे, अंग गार करावे, पाणी द्यावे. काही मिनिटांत उतार पडला नाही तर प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे आणि तो वाहक असल्याचे तिथल्या डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.